मिरचीचा हात, ओझोनचं पाणी

आमच्या घरी हॉट टब आहे हे मी शाळेत कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक आधी हसतात, मग "बघायला येऊ का?" म्हणतात, आणि आलेल्यांपैकी एक तरी जण पाण्यात हात घालून ढवळून बघतोच. हात धुतलेला नसतो. बहुतेक वेळा नुकतीच भजी खाऊन झालेली असतात. मग संध्याकाळी त्या पाण्याशी झगडत बसायचं कुणी? मी. का, तर "तू केमिस्ट्रीची ना!" हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. दूध नासलं, केमिस्ट्री. साडीवर डाग पडला, केमिस्ट्री. नववी-दहावीला विज्ञान शिकवते म्हणजे घरातल्या प्रत्येक पातळ पदार्थाचा मक्ता जणू मीच घेतलाय.

टब आणला आबांसाठी. आबा म्हणजे माझे सासरे. सगळं आयुष्य त्यांनी नंदुरबारच्या मिरचीत काढलं. गावाबाहेर उघड्या मैदानावर ओली लाल मिरची वाळत घालतात, तिला इथं पथारी म्हणतात. हंगामात आबा सकाळपासून दिवे लागेपर्यंत पथारीवर. मूठभर मिरची उचलायची, अंगठ्यानं चुरगाळायची, बिया बघायच्या, वास घ्यायचा आणि एका शब्दात सांगायचं, माल कसा आहे. त्यांच्या उजव्या हातानं सांगितलेलं बाजारात कुणी खोटं पाडत नसे. घरी आले की ओट्यावर बसून दोन्ही हात पुढे करायचे. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, वाटीतून गोडेतेल ओतायच्या, कोपरापर्यंत चोळायच्या, आणि मगच आबा पाण्याला हात लावायचे. मी सून म्हणून आले तेव्हापासून हे बघत होते. दाराशी चपला काढाव्यात तसं ते रोजचं होतं, त्यामुळे पुढे पुढे दिसेनासंच झालं.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास आबांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू काठीवर आला. बोलणं एकेका शब्दावर आलं. पण उजवा हात मुठीत मिटला तो मिटलाच. नखं तळव्यात रुतायची, म्हणून मुठीत सुती कापडाची गुंडाळी कोंबून ठेवावी लागायची. व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येते. तिनं आम्हाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की हे असंच राहिलं तर बोटं कायमची आखडतील, मग काही करता येणार नाही. कोमट पाण्यात रोज बसवा, पाण्यात स्नायू सैल पडतात, तेव्हाच बोटं उघडायचा व्यायाम घ्या.

बरं, कोमट पाण्यात बसवायचं म्हणजे मोठं घंगाळ, टाकी, काहीतरी साधं करता आलं असतं. पण आमचे हे! हे मिरचीच्या कामाला सुरतला गेले आणि येताना टेम्पोत टब घेऊन आले. तिथलं कुठलंसं हॉटेल बंद पडलं होतं, त्यांच्या गच्चीवरचा हा निळा टब. चार माणसं सहज बसतील एवढा. बरोबर पाणी तापवायचं यंत्र, पाणी फिरवायचा पंप, गाळणी आणि एक काळा डबा. "हा ओझोनचा," हे म्हणाले. "विकणारा म्हणाला, ओझोन आहे म्हणजे औषध घालायची गरजच नाही. पाणी वर्षभर तसंच राहतं."

"असं कुठं असतं का?" मी म्हणाले.

"अगं, तो रोज विकतो. त्याला कळत नसेल?"

घ्या! घरात विज्ञानाची बाई बसलीय. वर्षानुवर्षं फळ्यावर ओझोनचे तीन अणू काढून हात दुखलेत. पण विश्वास कुणावर, तर बंद पडलेल्या हॉटेलचं सामान विकणाऱ्या माणसावर. मी कपाळाला हात लावला.

मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली टब बसला. पहिल्या दिवशी शेजारचे भाऊ बघायला आले. काळ्या डब्याला कान लावून म्हणाले, "वहिनी, ओझोनले तं आभाळमा भोक पडेल शे म्हनतस ना? मंग तुमना डब्बामा तो कोठून येस?" सगळे हसले. मीही हसले, पण मनात म्हटलं, निदान ह्या माणसाला प्रश्न तरी पडला.

तेव्हा मी सगळ्यांना बसवून समजावलं. तो डबा हवेतून ओझोन तयार करतो आणि बारीक बुडबुड्यांतून पाण्यात सोडतो. तो भेटेल त्या जंतूला मारतो, घाम-मळ जाळतो, सगळं खरं. पण तो पाण्यात टिकत नाही. हेडमास्तर व्हरांड्यातून फेरी मारून जातात तोवर वर्ग शांत असतो, पाठ वळली की गोंधळ सुरू. म्हणून वर्गात एक बाई बसलेली लागते. ती बाई म्हणजे क्लोरीन. थोडंसंच, पण पाण्यात सतत असलं पाहिजे. ते आहे की नाही हे बघायला कागदाच्या पट्ट्या मिळतात. पट्टी पाण्यात बुडवली की जांभळी झाली पाहिजे. पांढरी राहिली तर पाण्यात राखण करायला कुणी नाही. आणि राखण नसलेल्या कोमट पाण्यात जंतूंची नुसती जत्रा भरते. आबांच्या तळव्याला नखांच्या जखमा आहेत, हे लक्षात ठेवा.

सगळ्यांनी माना हलवल्या. ह्यांनी फोनवर बोलता बोलता हलवली.

पहिल्या आठवड्यातच मी शाळेतून आले तर टबात दूध. म्हणजे दुधासारखं पांढरं पाणी. ह्यांनी ग्रामपंचायतीच्या ओळखीच्या माणसाकडून विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आणून वाटीभर ओतली होती. "तूच म्हणालीस ना क्लोरीन लागतं!" अहो, आमचं बोअरचं पाणी आधीच इतकं क्षाराचं की गिझर दर उन्हाळ्यात खपली धरतो, त्यात ही चुन्याची पावडर! पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, चढला की क्लोरीन असून नसल्यासारखं होतं, हे मी कुणाला सांगू? ते पाणी सोडलं, टब घासला, नळाचं पाणी साठवून साठवून पुन्हा भरला. त्यानंतर मी टबासाठी बनवलेलं दाणेदार क्लोरीन मागवलं, ते कपाटात कुलपात ठेवून चावी माझ्या पर्समध्ये टाकली आणि स्वतःच्या हातानं मोजून घालायला लागले.

आणि गुण येत होता हो! हे सांगायलाच हवं, नाहीतर मी हे सगळं कशाला सोसलं असतं? महिन्याभरात पाण्यात असताना आबांचा अंगठा हलायला लागला. मग तर्जनी. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "काका, छान! असंच चालू राहिलं तर मूठ सुटेल." आबांच्या डोळ्यांत तेव्हा जे दिसलं ते मी झटका आल्यापासून पाहिलं नव्हतं. त्या रात्री जेवताना त्यांनी डाव्या हातानं भाकरी मोडली आणि उजवी मूठ ताटाशेजारी आणून ठेवली. एरवी ती मूठ ते उपरण्याखाली लपवून ठेवत.

पण ते पाणी! काय सांगू त्या पाण्याचं! सकाळी शाळेत जाताना पट्टी बुडवावी तर सुरेख जांभळी. संध्याकाळी येऊन बुडवावी तर पांढरीफटक. रोज. दुपारी आबा एकदाच आत बसायचे, तेही अर्धा तास, आत्याबाई बाहेर काठाशी बसून. एका म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला असा कितीसा मळ असणार? आणि त्यांना आधी आंघोळ घालूनच आत बसवायचं हा नियम मी केला होता. तरी पाण्यावर फेस यायचा, कडेला चिकट कड धरायची, गाळणी उघडली की मऊ बुळबुळीत थर. मी क्लोरीन वाढवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरी. अजून वाढवलं, तर आबांचे डोळे लाल. नाकी नऊ आले माझ्या.

संशय कुणाकुणावर घेतला नाही! आधी हवेवर. हंगामात गावात मिरचीची धूळ उडते, अख्खा बाजार शिंकत असतो, ती टबात पडत असेल म्हणून वरून ताडपत्री बांधली. मग शेजाऱ्यांवर, की येऊन हात बुडवतात. मग ओझोनच्या डब्यावर. हाच मेला आतून बंद पडला असेल, नुसते बुडबुडे काढत असेल. सुरतहून माणूस बोलावला. तो सकाळच्या गाडीनं आला, डबा उघडला, नाकाला लावला, चहा प्यायला आणि म्हणाला, "मॅडम, मशीन एकदम बराबर छे. ओझोन चालू है तो टेन्शन नहीं लेने का." मी म्हणाले, "मग क्लोरीन जातंय कुठं?" तो म्हणाला, "डालतेच कायको हो?" आणि परतीच्या गाडीला निघून गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग व्हायचं तेच झालं. संक्रांतीच्या आसपास आबांच्या पाठीवर आणि मांड्यांवर लाल पुरळ उठलं, पिकल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, हे पाण्यातल्या जंतूंचं दिसतंय, पाणी ठीक होईपर्यंत आत बसवू नका, ह्या वयात तळव्याची जखम चिघळली तर महागात पडेल. टब बंद. आणि आठवड्याभरात, अगदी डोळ्यांदेखत, आबांची तर्जनी परत मिटली. मग अंगठा आत वळला. कापडाची गुंडाळी पुन्हा मुठीत गेली.

हे म्हणाले, "जाऊ दे. डोक्याला ताप झालाय नुसता. शहाद्याचा एकजण फार्महाऊससाठी टब मागतोय, देऊन टाकू."

"आणि आबांचा हात?"

"डॉक्टरच नको म्हणतात ना!"

"डॉक्टर टबाला नाही, घाण पाण्याला नको म्हणालेत. मला थोडे दिवस द्या."

ह्यांनी होळीपर्यंतची मुदत दिली. वर मेहरबानी केल्यासारखा चेहरा.

मी सगळं पाणी सोडलं. पाईपमधून साफ करायचं औषध फिरवलं, तर आतून तपकिरी चोथा निघाला, बघून मला दोन दिवस चहा गेला नाही. टब घासला, नवी गाळणी घातली, पाणी भरलं, सामू जागेवर आणला, क्लोरीन घातलं, ओझोन चालू केला. सकाळी पट्टी जांभळी. संध्याकाळी जांभळी! दुसऱ्या दिवशीही. आठवडाभर पाणी काचेसारखं आणि पट्टी जशीच्या तशी. पुरळ तोवर गेलं होतं. डॉक्टरांना विचारलं, ते बरं म्हणाले. सोमवारी दुपारी आबा आत बसले. सोमवारी संध्याकाळी मी पट्टी बुडवली.

पांढरी.

म्हणजे हवा नव्हे, शेजारी नव्हेत, डबाही नव्हे. जे काय आत जात होतं ते आबांबरोबर जात होतं. मी तडक स्वयंपाकघरात गेले. "आत्याबाई, खरं सांगा. आबांच्या अंगाला पाण्यात जाण्याआधी काही लावता का? पावडर, मलम, उटणं, काहीही?"

"काहीच नही वं माय," आत्याबाई म्हणाल्या. भाकरी थापता थापता, माझ्याकडे सरळ बघून. "न्हावाडस आनि निस्तं पानीमा बसाडस मी त्यास्ले."

आत्याबाई खोटं बोलत नाहीत. त्यांना ते जमतच नाही, लगेच हसू येतं. मी परत क्लोरीन घातलं. हे दारातून म्हणाले, "बघ बाई, होळी आली. रविवारी शहाद्याचा माणूस येतोय."

गुरुवारी शाळेत कसली तरी तपासणी होती आणि मुलांना लवकर सोडलं. मी रिक्षा केली आणि भर दुपारी घरी आले. पुढचं दार लोटलेलं. मागं अंगणात पाण्याचा आवाज. शेडच्या खांबाआड उभी राहिले, आणि पाहिलं.

आबा आंघोळ करून, पंचा नेसून टबाच्या पायरीवर बसले होते. समोर पाटावर आत्याबाई. मांडीशी पितळी वाटी. त्या वाटीतून गोडेतेल घेऊन त्यांनी आबांचा डावा हात कोपरापर्यंत चोळला. मग मान, कानामागं, गळा, मिरची उडून बसते तिथं तिथं. मग त्या उजव्या मुठीकडे वळल्या. कापडाची गुंडाळी ओढून काढली आणि एक एक बोट आपल्या अंगठ्यानं उचकटून त्याच्याखाली तेल घालायला लागल्या. आबांनी तोंड दुसरीकडे वळवलं होतं. कळ जात होती, मला दिसत होतं. सगळं झाल्यावर आत्याबाईंनी वाटीत उरलेलं तेल तळहातावर घेतलं आणि टबात, माझ्या त्या काचेसारख्या पाण्यात, शिंपडून टाकलं.

"आत्याबाई!"

दोघंही दचकले.

"हे काय चाललंय? मी विचारलं होतं ना, काही लावता का म्हणून?"

"काय लायं मी?" त्यांना खरंच कळेना.

"तेल! हे तेल!"

"तेल काय लावामा येस का वं?" आत्याबाई म्हणाल्या. "तेल तं तेल शे. मिरचीना हात शे त्यास्ना. बिगर तेलना गरम पानीमा कसा घालू? आग व्हई ना."

काही चुकीचं तरी होतं का त्यात? मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. मिरचीच्या हाताला गरम पाणी लागलं की वणवा पेटतो. नंदुरबारात पोरासोरांना हे माहीत असतं. वर्गात मी स्वतः हेच उदाहरण देते! पण ते तेल माझ्या टबात जाऊन सगळं क्लोरीन खात होतं, ओझोन खात होतं, गाळणीवर बसत होतं, जंतूंना पोसत होतं. ताडपत्री, सुरतचा माणूस, पुरळ, डॉक्टर, एवढं सगळं रामायण ह्या एका वाटीपायी. माझा तोल गेला.

"अहो पण मिरची कुठंय आता? आबांनी मिरचीला हात लावून वर्ष होत आलं! आता कसला मिरचीचा हात?"

बोलून गेले. तोंडातून सुटलं ते सुटलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, नुसतंच पाहिलं, आणि उजवी मूठ उचलून पंच्याच्या सोग्याखाली घेतली. आत्याबाईंनी वाटी उचलली आणि आत गेल्या. त्या दिवशी कुणी पाण्यात उतरलं नाही.

शुक्रवारी मी सुट्टी टाकली. गोष्ट साधी होती. अंगाला तेल नको, पाण्यात तेल नको, बस्स. पाणी परत नीट केलं होतं, पट्टी जांभळी. आत्याबाईंनी आबांना आंघोळ घातली आणि पायरीवर आणून बसवलं. मी म्हणाले, "चला आबा."

"तेल," आबा म्हणाले.

"तेल नको आबा. पाणी खराब होतं त्यानं."

"नही." आणि जागचे हलेनात. मी समजावलं. हात जोडले. पुरळाची आठवण करून दिली. हे आले, त्यांनी ओरडून पाहिलं. आबा ढिम्म. काठी पायरीवर रोवलेली आणि मान एकीकडे. "बिगर तेल नही."

शनिवारी तेच. आता घ्या! इतके महिने माणूस होता तर पाणी नव्हतं. आता असं पाणी, की मी कुणाच्याही पैजेवर पिऊन दाखवलं असतं, आणि माणूस आत जायला तयार नाही. मी रडकुंडीला आले. रागानं की कशानं, मला सांगता येणार नाही. गुरुवारी माझ्या तोंडून गेलेलं ते वाक्य त्यांच्या मनातून जाईना, हे मला कळत होतं. तेल लावलं की ते मिरचीचे व्यापारी होते. बिनतेलाचे ते नुसतेच आजारी म्हातारे. हे कळूनही मी काय करणार होते? तेलाला कळत होतं का?

रविवार उजाडला. शहाद्याच्या माणसाचा फोन येऊन गेला होता, टेम्पो निघालाय म्हणून. दुपारी आबा पायरीवर बसले, रोजच्या सवयीनं, आत जायचं नाही हे ठरवूनच. हे पुढच्या दारात फोनवर. मी टबाचं झाकण काढून उभी, कशासाठी तेही मला माहीत नव्हतं. तेवढ्यात आत्याबाई स्वयंपाकघरातून आल्या. सकाळपासून त्या लाल मिरच्या कुटत होत्या. हात मनगटापर्यंत लाल. आल्या त्या सरळ पायरी चढल्या, पातळाचा काचा खोचला आणि पाण्यात उतरल्या.

"आत्याबाई! अहो, लुगड्यासकट?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. जन्मात कधी नदीतसुद्धा न उतरलेली बाई छातीएवढ्या पाण्यात बसली, खळ घातलेलं पातळ चहूकडं फुगलेलं, आणि दोन्ही लाल हात त्यांनी पाण्याखाली बुडवले. चेहरा आवळला. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं. आग होत असणारच, होणार नाही तर काय! पण आवाज काढला नाही. थोड्या वेळानं हात वर काढून आबांपुढे धरले.

"देखा," म्हणाल्या. "सकायथीन मिरच्या कुट्यात मी या हातघाई. काही व्हयनं का माले? काही नही. या आते मझार." आता आत या.

आबा त्यांच्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांकडे. ज्या माणसानं सगळं आयुष्य मिरचीत काढलं त्याला कळलं नसेल, की ही बाई धडधडीत खोटं बोलतेय? आत्याबाईंना नेहमीप्रमाणे हसूही आलं, त्या ओल्या डोळ्यांनी. आबांनी काठी माझ्या हातात दिली.

ते उतरले. मी धरून उतरवलं. आत्याबाईंनी पाण्याखाली त्यांची उजवी मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. पातळातल्या साबणाचा फेस वर यायला लागला, आधी कडेला, मग बुडबुड्यांबरोबर सगळीकडे, ढीगच्या ढीग. मिरचीचा तांबूस रंग पाण्यात पसरत होता. माझ्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. मी जीभ दाताखाली धरली आणि शेडच्या खांबाला टेकून उभी राहिले.

अर्ध्या तासानं दोघांना बाहेर काढलं. आत्याबाई थरथरत होत्या. मी म्हणाले, आधी कपडे बदला. त्यांनी ऐकलं नाही, तशाच ठिबकत आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. "आते तं चालई ना वं?" मला विचारलं. मी मान हलवली. बाहेर आल्यावर तेलाला कोण नको म्हणतंय! त्यांनी आबांचा डावा हात चोळायला घेतला. मी पाठ वळवून पट्टी बुडवली. पांढरीफटक. आता सगळं पाणी सोडायचं, टब घासायचा, गाळणी धुवायची. माझ्या तोंडून एक मोठा सुस्कारा निघाला आणि मी आत्याबाईंना चार शब्द ऐकवायला वळले.

हे मागच्या दारात उभे होते, फोन कानाला, "हो, हो, मागच्या बाजूनं टेम्पो घ्या" म्हणत. आबांचा डावा हात चोळून झाला होता. सवयीनं आत्याबाईंनी आपला अंगठा पुढे केला, मूठ उचकटायला.

मूठ नव्हती. आबांनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता. बोटं सरळ नव्हती, वाकलेलीच होती, पण उघडी होती. नखांचे जुने वळ तळव्यावर दिसत होते. कापडाची गुंडाळी पायरीखाली पडली होती.

"हाऊ बी," आबा म्हणाले. हा पण.

फोनमधून "हॅलो, हॅलो" येत होतं. मग हे म्हणाले, "नही भाऊ, टेम्पो माघारी न्या. देवाना नही टब." द्यायचा नाही! आणि फोन खिशात ठेवला. आत्याबाईंच्या हातातली वाटी कलली होती, तेल सगळं पायरीवर सांडत होतं, म्हणून मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि त्या उघड्या तळव्यावर तेल ओतलं. पायरीवरचं तेल उद्या कुणाच्या तरी पायाला लागून टबातच जाणार होतं.